एका टप्प्याचं तिकीट

चिपळूण, श्रावणातला रविवार

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला, आज सकाळी चष्मा पुसून पुन्हा एकदा. बाबांची उजवी बाजू अजून साथ देत नाही, पण परवा त्यांनी तुला हाक मारली, शब्द अर्धाच आला तरी तुला कळला, हे वाचून जिवात जीव आला. खरं म्हणजे मी उठून रत्नागिरीला यायला हवं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झालेला नाही आणि मुलगी जिना उतरू देत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर लांबलचक लिहिणं मला जमत नाही. एका अंगठ्याने लिहिलेलं मला कधी खरंच वाटत नाही. हा दोष अंगठ्याचा की माझा, ते जाऊ दे.

तू एमआरआयचं लिहिलंस, बिलाचं लिहिलंस, तुझ्या सख्ख्या काकांनी फोनवर काय सुनावलं ते लिहिलंस. आणि अगदी शेवटी, पिशवीच्या तळाशी सुट्टे सापडावेत तशी एक ओळ: ‘शेजारच्या कॉटवरच्या आजींच्या सुनेने थर्मासमधला चहा पुढे केला. मी नको म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. का ते कळलं नाही.’

बाकीच्यावर सल्ला द्यायला तुझ्याकडे माणसं पुष्कळ दिसतात. मी या चहाबद्दलच लिहितो.

आपल्याला लहानपणापासून नको म्हणायलाच शिकवलंय. कुणी पोहे पुढे केले की आधी ‘आत्ताच खाऊन आले’, दुसऱ्यांदा आग्रह झाला की ‘बरं, अर्धेच द्या’. ओळखीच्या घरात हा खेळ चालतो, कारण पुन्हा आग्रह होणार हे दोघांनाही ठाऊक असतं. अनोळखी माणूस एकदाच विचारतो. तू नको म्हटलंस की तो बिचारा थर्मासचं झाकण लावतो. शिवाय आत एक भीती असते, की हे फेडायचं कसं? त्या बाईंचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, उद्या त्यांच्या सासूला डिस्चार्ज मिळाला की भेट संपली. आपल्या कोकणात भाऊबंदकीत चार फणसांचा हिशेब तीन-तीन पिढ्या चालतो. तिथे एक कप चहाचं ओझं वाटलं तर नवल नाही.

पण तुझ्या आधीच्या मेसेजात दुसरी एक गोष्ट होती, ती तू विसरलीस. पहाटे तवसाळच्या जेट्टीवर फेरीबोट भरली होती आणि आधी चढलेल्या एका जीपवाल्याने गाडी मागे घेऊन खाली उतरवली, म्हणून तुमची व्हॅन चढली आणि बाबा जयगडला पोचले. हे तू एका ओळीत उरकलंस. त्या माणसाची ती खेप चुकली. पलीकडे त्याचीही कुणी वाट बघत असेल. ते तू घेतलंस, कारण तेव्हा नको म्हणायला वेळच नव्हता. चहाच्या वेळी वेळ होता, म्हणून संकोच जागा झाला.

मीही असाच होतो. आता माझी गोष्ट ऐक. ती तुला वाचनालयात कधी सांगितली नाही, कारण तिथे आपण निबंधातल्या ऱ्हस्व-दीर्घावरून भांडत असायचो.

१९८४ साली मी कंडक्टर म्हणून लागलो. गाव माझं मंडणगडाकडचं, नेमणूक गुहागर तालुक्यात. पहिल्याच पावसाळ्यात वस्तीची गाडी वाट्याला आली. वस्तीची गाडी तुला माहीत आहे. संध्याकाळची शेवटची गाडी गावात जाते, आम्ही दोघं रात्री तिथेच झोपतो आणि सकाळी सहाला तीच गाडी पहिली म्हणून निघते. त्या गावात आम्हाला झोपायला खोली नव्हती. मागची लांब सीट हाच बिछाना आणि दिवसभराच्या पैशांची बॅग हीच उशी. उशी हे म्हणायला. झोपेतसुद्धा त्या बॅगेवरून डोकं हलवायचं नाही.

तिसऱ्या रात्री मला सडकून ताप भरला. ड्रायव्हर त्याच्या मेहुण्याकडे पलीकडच्या वाडीत गेला होता. पाऊस असा, की टपाच्या एका सांध्यातून धार लागलेली आणि ती बरोबर माझ्या पोटरीवर. मी दोनदा खिडकीतून ओकलो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी माणूस आजारी पडला की त्याला आई आठवते, हे मी कुणाला सांगत नसे. आता सांगतो.

कुणीतरी गाडीचा पत्रा वाजवला. दार ढकलून बघितलं तर अंगावर इरलं घेतलेली एक म्हातारी, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात जर्मनचा टोप. टोपावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर चिमूटभर मीठ आणि भाजलेला बोंबील. आत पेज. तिच्या घरापर्यंत माझं ओकणं ऐकू गेलं होतं म्हणे.

मी काय केलं? मी म्हणालो, “नको आजी, मी जेवलोय.” एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण मी खिशातून दोन रुपयांची नोट काढून तिच्यापुढे धरली. ताप होता, त्याचा फायदा मला द्यायचा तर दे. तिने नोटेकडे कंदील वर करून पाहिलं आणि म्हणाली, “पैशे ठेव तुज्याकडं. पेज निवंल.” टोप सीटवर ठेवला आणि गेली. इरल्यावरचं पाणी गाडीच्या पायरीवर निथळत राहिलं.

पेज मी प्यायलो. बोंबील हातात धरून चोखत बसलो. त्या पेजेने ताप उतरला का? नाही उतरला. सकाळी सहाला तसाच तापात उभा राहिलो, तिकिटं फाडली, वे-बिल भरलं, डेपोत उतरलो आणि मग दवाखाना गाठला. पण गाडी डेपोपर्यंत आणली. पेज नसती तर त्या लांब सीटवरून उठलो असतो की नाही, शंका आहे.

टोप मी सकाळी थांब्याच्या कट्ट्यावर ठेवला होता. महिन्याने पुन्हा त्या गावात गेलो तेव्हा दोन-तीन घरी चौकशी केली. प्रत्येक घरी उत्तर एकच, “माजा नाय.” चाळीस वर्षं झाली, टोपाची मालकीण मला सापडलेली नाही. मला वाटतं, तिने मुद्दामच नाव सांगू दिलं नसेल. आपली म्हातारी माणसं अशा बाबतीत फार पोचलेली असतात.

एसटीचं भाडं टप्प्यावर मोजतात, हे तुला ठाऊक असेल. एक टप्पा ६ किलोमीटरचा. अनोळखी माणूस देतो ते बहुतेक वेळा एका टप्प्याचं तिकीट असतं. तो तुला घरापर्यंत नेत नाही, तसं कबूलही करत नाही. पुढच्या थांब्यापर्यंत नेतो, तिथे तू उतरतेस. कठीण दिवसांत आपली चूक कुठे होते, तर आपण सारखं शेवटच्या थांब्याचा विचार करत बसतो. बाबा कधी चालतील, कर्ज कधी फिटेल, परीक्षेचं काय होईल. या प्रश्नांपुढे एक कप चहा हास्यास्पद दिसतो. पण पहाटे चार वाजता, नर्स इंजेक्शन देऊन गेल्यावर, तुला सकाळपर्यंत जायचं असतं. तेवढ्या अंतराला चहा पुरतो.

माझी लेक कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिने मध्यंतरी एक संशोधन वाचून दाखवलं. शिकागोत थंडीच्या दिवसांत, बर्फावर घसरायला लोक जमतात अशा एका बागेत, संशोधकांनी येणाऱ्यांना गरम चॉकलेटचा कप दिला आणि सांगितलं, हा तुम्ही ठेवा किंवा एखाद्या अनोळखी माणसाला द्या. बहुतेकांनी देऊन टाकला. मग देणाऱ्याला विचारलं, घेणाऱ्याला किती बरं वाटलं असेल? आणि घेणाऱ्याला वेगळं विचारलं, तुला किती बरं वाटलं? देणाऱ्यांचा अंदाज सरासरीने कमी पडत होता. देणारा मनात कपाची किंमत करत होता. घेणाऱ्याला मात्र कुणीतरी आपली दखल घेतली, याचं अप्रूप होतं. हे २०२२ साली छापून आलं. आमच्या म्हातारीने कंदिलाच्या उजेडात १९८४ सालीच सिद्ध केलं होतं, असं मी म्हणालो, तर लेक म्हणाली, “बाबा, एका माणसावरून सिद्ध होत नाही.” शिकलेल्या मुलांशी वाद घालू नये.

पण म्हणूनच तुला सांगतो. त्या बाईंना कल्पनाही नसेल की त्यांच्या चहामुळे तू रडलीस. त्यांना वाटलं असेल, पोरीला चहा आवडत नाही.

आता तू का रडलीस, याबद्दल माझा अंदाज. चुकला तर सोडून दे. गेले दहा-बारा दिवस जो भेटतो तो तुला काहीतरी विचारतोय. काका विचारतात, बीपीची गोळी वेळेवर का दिली नाही. आत्या विचारते, मुंबईला का नेलं नाही. डॉक्टर विचारतात, किती वाजता पडले. काउंटरवर विचारतात, रेशनकार्ड आणलंय का. प्रत्येक प्रश्नाला तू उत्तर देतेस आणि प्रत्येक उत्तरातून तुझीच काहीतरी चूक निघते. त्या बाईंनी काहीच विचारलं नाही. कप पुढे केला. आपल्या माणसांच्या मायेला मागचा-पुढचा इतिहास चिकटलेला असतो, त्याला इलाज नाही. अनोळखी माणसाला तू कोणाची कोण, शिकलीस किती, नापास किती वेळा झालीस, काही ठाऊक नसतं. त्याला एवढंच दिसतं की ही मुलगी रात्रभर स्टुलावर बसली आहे. बाय, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तुझ्याकडे पाहिलं. बाकीचे तुझ्यातून पलीकडे कॉटकडे पाहत होते.

काकांवर रागावू नकोस, हेही सांगून ठेवतो. त्यांना भावाची काळजी आहे आणि ती बोलायची रीत त्यांना येत नाही. आपल्या घरांतल्या पुरुषांना काळजी वाटली की ते चौकशी समितीसारखे बोलतात. मीही बोलतो.

आता काडेपेटीची गोष्ट. २०२१ च्या पुराचं तुला सांगायला नको. २२ जुलैला तू गावी होतीस, पण वाचनालयाची दशा नंतर तू पाहिलीस. १८६४ सालचं आपलं वाचन मंदिर, २००५ च्या पुरातून सावरलेलं, पुन्हा चिखलात गेलं. आमची इमारत बाजारपेठेच्या मागे. मध्यरात्रीनंतर पाणी चढायला लागलं ते थांबेचना. वाशिष्ठी, वरून धो धो पाऊस, त्यात भरतीची वेळ. तळमजल्यावरची दोन कुटुंबं माझ्याकडे वर आली. मी धरून सात माणसं, त्यात एक दीड वर्षाचं पोर. वीज गेली, फोन मेले. जिन्याच्या पायऱ्या आम्ही मोजत होतो. दर तासाला एकेक कमी.

माझ्याकडे शेगडी होती, सिलिंडर होता, चहाची पूड होती, पोराची दूधपावडर होती. पेटवायला काही नव्हतं. घरातली एकुलती काडेपेटी भिजून लगदा झाली होती आणि लायटर दोन वर्षं बिघडलेला, उद्या आणू उद्या आणू करत राहिलेला. सात माणसं गॅससमोर बसून एकमेकांची तोंडं बघत होती. ते पोर रडून रडून घशाला कोरड पडून गप्प झालं. ती शांतता फार वाईट होती.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई गॅलरीत उभी होती. नवीन भाडेकरू, दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेली. आमची ओळख नव्हती. मी बोटांनी काडी ओढल्याची खूण केली. तिला वाटलं असणार, म्हातारा अशा वेळी सिगारेट मागतोय! मग पोराच्या आईने त्याला उचलून दाखवलं. ती आत गेली, काडेपेटी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळली, सुतळीने बांधली, वजनाला आत एक बटाटा घातला आणि फेकली. मधल्या रस्त्यात पडली, पाण्याबरोबर निघून गेली. ती पुन्हा आत गेली. या वेळी बराच वेळ लागला. दुसरी पिशवी माझ्या गॅलरीच्या कठड्यावर आपटून आत पडली. आत काडेपेटी होती, अर्धी भरलेली. म्हणजे तिने स्वतःच्या वापरातली दिली होती. काड्या मी मोजल्या, एकवीस होत्या.

पहिली काडी ओढताना माझा हात जितका थरथरला, तितका नोकरीत बॅग तपासणीला लागली तरी कधी थरथरला नव्हता. आधी पोराचं दूध झालं, मग सगळ्यांना कोरा चहा. बटाटा आम्ही उकडून सात जणांत खाल्ला. हसतेस काय, नखाएवढा तुकडा वाट्याला आला, पण खाल्ला.

पाणी उतरलं, चिखल राहिला. खोरी-घमेली घेऊन घाटावरून पोरं आली, त्यांनी आमच्या इमारतीचा तळमजला दोन दिवस उपसला, जाताना पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. या सगळ्यात समोर जाऊन त्या बाईंचे आभार मानायचे राहिले. आठवड्याने गेलो तर बिऱ्हाड हललेलं. कुणी म्हणालं कराडला गेली, कुणी म्हणालं पाटणला. डिसेंबरात किराणावाल्याने काडेपेटीचे दोन रुपये मागितले. सगळीकडे भाव वाढलाच होता, चौदा वर्षांनी एकाची दोनाला झाली. मी दुकानात उभा राहून विचार करत बसलो, की जुलैत ती एक रुपयाची होती. दुकानदाराला वाटलं, काका रुपयासाठी अडलेत.

तर घ्यायला शीक. चहा घे, पाणी घे, बसायला जागा दिली तर बस. ‘थँक यू’ पुटपुटून नजर चुकवू नकोस, त्या माणसाकडे बघून घे. पुरे.

पण सगळंच घ्यायचं नाही. त्याच पुरात जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले होते, बटणं तुटलेले सफारी सूट आणि लग्नातले झगे. चिखल काढून दमलेल्या माणसांना ते फेकायची वेगळी मजुरी. एके ठिकाणी बिस्किटाचा पुडा छातीशी धरून फोटोला उभं राहायला सांगितलं. मी पुडा परत दिला. तिथे नको म्हणायचं आणि ठणकावून म्हणायचं. हॉस्पिटलच्या आवारातही काही गोडबोले फिरत असतात. रक्ताची बाटली मिळवून देतो, बिल कमी करून देतो, फक्त अमुक एवढे आधी द्या. ओळख नसताना जो तुझा फोन, तुझं कार्ड, तुझी घाई यांच्यात रस घेतो, तो वेगळ्या गाडीचा माणूस. चहावाली बाई चहा देऊन परत आपल्या सासूचे पाय चेपायला बसते. तिला तुझ्याकडून काही नको असतं, ते तिच्या पाठीवरूनसुद्धा कळतं.

आणि हक्काच्या गोष्टी कुणाच्या दयेवर सोडू नकोस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे कागद घेऊन स्वतः जा. उद्या या, परवा या म्हणाला तरी जा. तिथे संकोच कामाचा नाही. आई ये-जा करते तेव्हा तिला सांग, २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धंच तिकीट आहे, कंडक्टर विसरला तर मागून घ्यायचं. ही काही मेहरबानी नव्हे. घ्यायला लाजणारी माणसं बहुधा मागायलाही लाजतात, म्हणून लिहिलं.

काउंटरवरचा तो मुलगा तुझ्यावर खेकसला, त्यावरून ‘इथे माणुसकीच नाही’ असं लिहिलंस. असेलही. पण लेकीनेच सांगितलेला आणखी एक प्रयोग ऐक. अमेरिकेत प्रिन्स्टनला ख्रिस्ती धर्मोपदेशक व्हायला शिकणारे ४० विद्यार्थी घेतले. प्रत्येकाला भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला. ज्यांना सांगितलं होतं की वेळ भरपूर आहे, त्यांच्यातले १०० पैकी ६३ या हिशेबाने थांबले. ज्यांना सांगितलं की उशीर झालाय, पळ, त्यांच्यातले १०० ला १०. गंमत म्हणजे त्यातल्या काहींचं भाषणच होतं, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवर! हे १९७३ साली प्रसिद्ध झालं.

लेकीने हे सांगितलं तेव्हा मी एकदम गप्प झालो. मला एक दुपार आठवली, मे महिन्यातली. गाडी चाळीस मिनिटं उशिरा, आत मुंबईकरांची गर्दी, आणि एक मासेवाली पाटी घेऊन चढायला लागली. पाटीतून पाणी गळत होतं. मी तिला उतरवलं. पुढची गाडी दोन तासांनी होती. मे महिन्यात दोन तासांत मासळीचं काय होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या दिवशी माझ्यातला माणूसही चाळीस मिनिटं मागे राहिला होता.

काही दिवसांनी तीच बाई रिकामी पाटी घेऊन माझ्या गाडीत होती. एका दारू प्यायलेल्या माणसाने शंभराची नोट काढली, माझ्याकडे सुट्टे नव्हते. उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देतो म्हटलं तर तो गळ्याशी आला. तिने कनवटीची पिशवी सोडली आणि खुर्दा माझ्या ट्रेवर मोजायला लागली. मोजताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिने मला ओळखलं होतं का? मला अजून कळलेलं नाही. ओळखलं असेल तर ते जास्त अवघड.

एक आठवण लिहू की नको असं चाललंय, पण लिहितो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. त्यात आमच्या दोन गाड्या गेल्या, जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली. त्या रात्री पुलाजवळच्या एका गॅरेजात काम करणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं की पुढे पूलच नाही. मुसळधार पावसात, अंधारात त्याने येणाऱ्या गाड्या थांबवल्या. मी ड्रायव्हरांबरोबर पस्तीस वर्षं काढली आहेत. मला खात्री आहे, रात्री रस्त्यात हात करून गाडी अडवणाऱ्याला आधी शिवीच मिळाली असणार. त्या रात्री जी माणसं वाचली, त्यांच्यातल्या किती जणांना त्याचा चेहरा दिसला असेल? हे मी तुला का सांगतोय, ते नीट सांगता येत नाही. नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, बाबांची बोट त्यांच्यावाचून गेली असं तू लिहिलंस आणि मला तो पूल आठवला, एवढं खरं.

फेडायचं कसं, हा तुझा प्रश्न राहिलाच. आत्ता फेडू नकोस. तू आत्ता प्रवासी आहेस, कंडक्टर नाहीस. पण दहा-बारा दिवसांत तुला त्या वॉर्डातल्या काही गोष्टी कळल्या असतील. गरम पाणी कुठे मिळतं, कोणत्या खिडकीत आधी कागद द्यायचा, रात्रीची कोणती सिस्टर हाक मारली की येते, कोणत्या बाकावर पंख्याचा वारा लागतो. परवा एखादी नवीन मुलगी फाइल छातीशी धरून दारात उभी राहील. तिला गरम पाण्याची जागा दाखव. यालाही तू उपकार म्हणणार नाहीस, बघ.

सोबत डबा पाठवतोय. कुळथाचं पीठ आहे, पुरचुंडीत आमसुलं आहेत, आणि थोडा गूळ. बाबांना गिळायला जमतंय का, हे आधी डॉक्टरांना विचार, मगच पातळ पिठी दे. नाहीतर तूच खा. तुझ्या जेवणाबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. उद्या सकाळच्या चिपळूण–रत्नागिरी गाडीवर देतोय. असं सामान पाठवणं नियमात बसत नाही, आणि हे मी तीस वर्षं प्रवाशांना ऐकवलंय. पण कंडक्टर नवीन पोरगा आहे, तुझं नाव-गाव न विचारता हो म्हणाला. स्टँडवर नऊच्या सुमाराला जा, पांढऱ्या पिशवीवर निळी दोरी आहे.

त्याला चहा विचार. नको म्हणेल. पुन्हा एकदा विचार.

डबा परत पाठवायची घाई करू नकोस. झाकण फार घट्ट बसलंय, चमच्याच्या दांड्याने एका बाजूने उचक, म्हणजे उघडेल.

तुझा,
काका